उतरायची दुसरी जागा

‘आर्मा ३’ या युद्धखेळात मी हेलिकॉप्टर चालवतो, तेही माणसं वाहून नेणारं. सर्व्हरवर चाळीस-पन्नास खेळाडू जमतात, त्यांच्या तुकड्या पडतात, कुणाला टेकडी घ्यायची असते तर कुणाला गाव. तिथपर्यंत त्यांना सुखरूप पोचवायचं, जखमींना परत आणायचं आणि काम फत्ते झालं की सगळ्यांना उचलून तळावर यायचं, ही माझी जबाबदारी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हा नाद लागला. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, तरी शनिवारची रात्र या कामासाठी राखून ठेवत आलो. इतकी वर्षं एकच गोष्ट मन लावून केली की तिच्यातून काहीतरी हाती लागतं. ते नव्याने शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

हा खेळ बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीचा, २०१३ सालचा. त्यातलं मुख्य बेट आल्टिस हे ग्रीसच्या लेम्नोस बेटावर बेतलेलं आहे. क्षेत्रफळ सुमारे २७० चौरस किलोमीटर. बोडक्या टेकड्या, दगडी बांधांची शेतं, मधोमध विमानतळ, पश्चिम किनाऱ्यावर कवाला नावाचं शहर. या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी जायचं म्हटलं तर अख्खी संध्याकाळ त्यातच जाईल. आमच्या गटाचा नियम कडक आहे. मेलेला खेळाडू लगेच जिवंत होत नाही, मोहीम संपेपर्यंत किंवा नवी कुमक पाठवली जाईपर्यंत तो नुसता बघत बसतो. आमच्या नेहमीच्या ‘घोस्ट हॉक’ हेलिकॉप्टरमध्ये मागे आठ सैनिक बसतात, शिवाय दोन्ही दारांशी एकेक मशिनगनवाला. आठवडाभर कामं उरकून, मुलांना झोपवून ही माणसं खेळायला बसलेली असतात. पायलटने गफलत केली तर गोळी न झाडताच त्यांची रात्र संपते. हे ध्यानात आलं आणि उडवण्याकडे बघण्याची माझी नजर बदलली.

पण आधी हात बसावा लागतो. हेलिकॉप्टरचे ताबे तीन. कलेक्टिव्हने वरच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो किंवा कमी होतो, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली होतं. सायक्लिकने पात्यांची फिरती तबकडी झुकते आणि ती झुकेल तिकडे हेलिकॉप्टर जातं. पेडलने शेपटीच्या पंख्याची ताकद बदलते आणि नाक डावी-उजवीकडे वळतं. ऐकायला सोपं वाटतं. अडचण ही की तिघांपैकी एकाला हात लावला की उरलेल्या दोघांनाही सावरावं लागतं. कलेक्टिव्ह वर ओढला की मुख्य पंख्याचा रेटा वाढतो, नाक एका बाजूला वळू लागतं, तिथे पेडल द्यावं लागतं. पेडल दिलं की शेपूट ढकलली जाते, मग सायक्लिक जरासा दुसरीकडे घ्यावा लागतो. एका जागी हवेत स्थिर राहणं हे शिकणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं ते यामुळेच. काठोकाठ भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चालणारी बाई पाणी सांडल्यावर मान सावरत नाही, पाणी हिंदकळायच्या आतच तिची मान हललेली असते. हवेत स्थिर राहणं तसंच आहे. नाक हललेलं डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

कीबोर्डवर हे शिकता येतं, पण फार पुढे जाता येत नाही. कळ दाबली की पूर्ण, सोडली की शून्य, मधलं काही नाही. चांगली मुलं ती टिचकीसारखी पटापट दाबून काम भागवतात. मी एक साधी जॉयस्टिक घेतली, मूठ पिळली की पेडलचं काम करणारी. पहिले काही आठवडे मला त्यावर कीबोर्डपेक्षा वाईट उडवता येत होतं. मग ताब्याची संवेदनशीलता मधल्या भागात कमी करून घेतली आणि मूठ आवळून धरण्याऐवजी दोन बोटं नि अंगठा यांत हलकेच धरू लागलो. फरक लगेच दिसला. हात आवळलेला असला की मनगटातला ताण थेट हेलिकॉप्टरमध्ये उतरतो.

माझं खरं शिक्षण गटातल्या एका ज्येष्ठ माणसाकडे झालं. पुण्याचे, पन्नाशी उलटलेले, याच कंपनीचा २००१ सालचा ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ निघाला तेव्हापासून या खेळांत रमलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काकांनी मला पहिले दोन महिने लढाईत नेलंच नाही. शत्रू नसलेला रिकामा नकाशा उघडायचा, ते माझ्या शेजारी सहपायलटच्या जागी बसायचे आणि सांगायचे, “त्या चर्चच्या मागच्या शेतात उतर.” मी उतरलो की म्हणायचे, “आता सांग, उतरायचं कधी ठरवलंस?” मी म्हणायचो, शेत दिसलं तेव्हा. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य, “मग ते तू नाही ठरवलंस, शेताने ठरवलं.”

त्यांचं म्हणणं असं की उतरण्याची सुरुवात एक किलोमीटर आधी होते. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारं हेलिकॉप्टर सेकंदाला जवळजवळ ५५ मीटर कापतं. ते मागच्या माणसांना धक्का न देता थांबवायचं तर पाचशे-सहाशे मीटर लागतात. म्हणून एक किलोमीटरवर जागा नक्की झालेली हवी, सहाशेवर वेग उतरवायला सुरुवात. नाक हळूहळू वर घ्यायचं. इथे नवशिका फसतो. वेगात असताना नाक वर घेतलं की पात्यांच्या तबकडीवर समोरचा वारा आदळतो आणि हेलिकॉप्टर फुग्यासारखं वर उसळतं. जिथे शत्रूच्या नजरेत यायचं नाही, नेमकं तिथेच ते झाडांच्या शेंड्यांवर पन्नास मीटर उंच लटकतं. तेव्हा नाक वर येत असताना त्याच मापाने कलेक्टिव्ह खाली जायला हवा. मग वेग ताशी चाळीसच्या आसपास आला की उलटी गोष्ट घडते. पुढे सरकताना पात्यांना ताज्या हवेचा जो जास्तीचा आधार मिळत असतो तो सुटतो आणि हेलिकॉप्टर एकदम जड होतं. तो आधार सुटायच्या अर्धा श्वास आधी कलेक्टिव्ह परत वर यायला लागलेला असला पाहिजे. म्हणजे एक हात मागे येताना दुसरा खाली, आणि पहिला पुढे जाताना दुसरा वर. शेवटच्या काही मीटरांत जमिनीवरून परतणारी हवा थोडी उशी देते. बाकीचं नीट झालं असेल तर चाकं टेकलेली कळतसुद्धा नाहीत.

“सुई बघू नकोस, बाहेर बघ,” हे काकांचं दुसरं सांगणं. उंची-वेगाच्या आकड्यांवर डोळे खिळले की हात आकड्यांच्या मागे धावतात, आणि आकडे नेहमी थोडे मागचे असतात. उतरताना नजर पायाखाली नको, समोर शंभर मीटरवर हवी. मान वळवून बाजूच्या दारातूनही बघायचं. बाजूची जमीन किती वेगाने मागे सरकते आहे यावरून आपण किती वेगात आहोत हे आकड्यापेक्षा लवकर कळतं. हे मी आजही प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये खेळात हेलिकॉप्टरांची मोठी भर आली, त्यातच उड्डाणाचं जास्त खरं गणितही आलं. आमच्या गटाने ते सगळ्यांना सक्तीचं केलं. चांगले म्हणवणारे पायलट एका रात्रीत पुन्हा विद्यार्थी झाले. तोवर उंचावरून सरळ खाली येऊन शेवटच्या क्षणी कलेक्टिव्ह ओढायचा, ही पुष्कळांची पद्धत होती. नव्या गणितात ती जीवघेणी ठरली. पुढचा वेग जवळजवळ नाही, खाली येण्याचा वेग जास्त आणि इंजिनाची ताकद लावलेली, अशी स्थिती जुळली की पाती स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बुडतात. ती हवा कडेने वर येऊन पुन्हा पात्यांत शिरते आणि आधार नाहीसा होतो. घाबरून कलेक्टिव्ह वर ओढावा तर भोवरा आणखी घट्ट होतो. सुटायचं तर नाक पुढे टाकून त्या हवेतून बाहेर पडायला लागतं. जमीन वर येताना दिसत असताना नाक खाली घालायचं, हे शरीराला मुळीच पटत नाही. म्हणून ते उंचावर, मुद्दाम भोवऱ्यात शिरून, पुन्हा पुन्हा गिरवावं लागतं. खऱ्या हेलिकॉप्टरांनाही हा धोका असाच असतो. या धड्याने मला खाली येण्याची घाई सोडायला लावली. उतरण तिरकी, सावकाश आणि एकसारखी असावी, हे तत्त्व त्यानंतर मोडलं नाही.

मी नाशिकरोडला राहतो. लष्कराच्या हेलिकॉप्टर पायलटांना शिकवणारी शाळा इथल्या गांधीनगरला आहे. चेतक आणि चीता हेलिकॉप्टरांचा आवाज लहानपणापासून ओळखीचा, पण त्यांच्याकडे लक्ष देऊन बघायला लागलो तो हा खेळ खेळू लागल्यावर. गच्चीवरून त्यांची उतरण बघावी. नाक एकदम वर नाही, झटका नाही, आकाशात आखलेल्या तिरक्या रेषेवरून उतरल्यासारखं एकसारखं खाली येणं. काका जे कानात सांगत होते ते मी डोळ्यांनी बघत होतो. तिथे बसलेल्या माणसाचा जीव खरा असतो, हवा खरी, चूकही खरी. त्या कामाशी माझ्या खेळाची बरोबरी मी कधी करणार नाही. पण चांगलं उडवणं दिसतं कसं, हे मला त्यांनीच दाखवलं.

चीताबद्दल वाचता वाचता एक गोष्ट समजली, तिने माझ्या उडवण्यात मोठी भर घातली. चीता म्हणजे फ्रान्सच्या लामा हेलिकॉप्टरची हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याने बांधलेली आवृत्ती. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले या फ्रेंच पायलटने लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेऊन जागतिक विक्रम केला. त्या उंचीवर इंजिन बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. तिथून ते इंजिनाशिवाय जमिनीपर्यंत उतरले. हे कसं शक्य आहे, याचा शोध घेताना मी आमच्या खेळातही तेच करून बघू लागलो. इंजिन गेलं की पहिलं काम कलेक्टिव्ह तळाशी नेणं. हेलिकॉप्टर खाली येतं, खालून वर जाणारी हवा पाती फिरवत ठेवते आणि त्या फिरण्यात शक्ती साठून राहते. पुढचा वेग टिकवायचा, मोकळी जमीन निवडायची, जमिनीजवळ नाक उचलून वेग मारायचा, मग कलेक्टिव्ह एकदाच वर ओढायचा. साठवलेली शक्ती त्या एका ओढीत संपते. उंचावर ओढला तर उरलेल्या उंचीवरून हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, उशिरा ओढला तर आपटतं.

याचा उपयोग झाला तो कवालाच्या दक्षिणेला. क्षेपणास्त्राने इंजिन निकामी केलं, मागे पूर्ण तुकडी. आवाज थांबला तसा कुणीतरी माइकवर “गेलो रे” म्हणालं. उतरायला जागा शोधण्याची गरज पडली नाही, कारण उड्डाणभर मी एक सवय पाळत होतो. आत्ता या क्षणी इंजिन गेलं तर कुठे उतरेन, हे सतत मनात ठरवत राहायचं. डावीकडचं नांगरलेलं शेत मी आधीच धरून ठेवलं होतं. तिथे उतरलो, सगळे चालत बाहेर पडले आणि मोहीम पुढे चालू राहिली. त्या रात्री जे उपयोगी पडलं ते हाताचं कसब कमी आणि आधी धरून ठेवलेलं शेत जास्त.

शेपटीचा पंखा गेला तरी हाच हिशेब. वेग कमी झाला की हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं फिरू लागतं, म्हणून वेग टिकवायचा आणि विमानासारखं धावत उतरायचं. ताशी ऐंशी-नव्वदने चाकं टेकवायला लांब, सपाट जागा लागते. आल्टिसवर मधला विमानतळ आहे, पूर्वेकडे मिठागराचं सपाट मैदान आहे. ही ठिकाणं कुठल्या दिशेला आणि किती दूर आहेत ते डोक्यात तयार असलं की शेपूट गेल्यावर घाबरायचं कारण उरत नाही.

तरीही सगळ्यात अवघड धडा यंत्राचा नव्हता. तो नाही म्हणण्याचा होता. एका मोहिमेत तुकडीला एका गावाच्या उत्तरेला, टेकडीच्या कुशीत उतरवायचं होतं. आठशे मीटरवर असताना गावातून चमकत्या गोळ्यांची रांग आमच्या पुढून गेली. नेमक्या आमच्या शेताच्या दिशेनेच. तुकडीचा प्रमुख माझा चांगला मित्र, मागून ओरडत होता, “उतरव रे, उतरव, आम्ही बघून घेतो!” मी उतरवलं नाही. टेकडी आमच्या नि गावाच्या मध्ये ठेवून वळलो आणि चारशे मीटर मागे, ओढ्याच्या काठी सगळ्यांना सोडलं. त्यांना चढ चढून जावं लागलं. मित्र चिडला, त्या रात्री माझ्याशी नीट बोललाही नाही. पण आठही जण टेकडीवर पोचले. पुढच्या मोहिमेच्या आखणीत त्यानेच मला विचारलं, “तुझी दुसरी जागा कुठली?” तेव्हापासून आमच्या गटात प्रत्येक उड्डाणाआधी नकाशावर दोन खुणा होतात, पहिली जागा आणि दुसरी जागा. तुकडीचा प्रमुख पहिली सांगतो, दुसरी पायलट. आणि पायलट दुसरीकडे वळला तर माइकवर वाद घालायचा नाही.

दुसरी जागा आधी ठरलेली असली की माघार घ्यायला धाडस लागत नाही. ती नसली की माणूस वाईट जागेलाच चिकटून बसतो, कारण सोडून जायचं कुठे हेच ठाऊक नसतं. पुष्कळ हेलिकॉप्टरं पडताना मी बघितली. त्यातली बरीचशी उत्तम हातांच्या पायलटांची होती. फिरावं की नाही हे त्यांनी जमिनीपासून तीस मीटरवर ठरवायला घेतलं, आणि तिथे ठरवायला वेळ नसतो.

आमचा सर्व्हर युरोपात आहे, त्याचीही एक शिकवण झाली. या खेळात हेलिकॉप्टरचं गणित पायलटच्या स्वतःच्या संगणकावर होतं. त्यामुळे नाशिकहून उडवतानाही ताबा हाताला लगेच लागतो. पण शेजारून उडणारं दुसऱ्याचं हेलिकॉप्टर पडद्यावर दिसतं ते थोडं जुनं असतं. दीडशे मिलिसेकंदांचा उशीर धरला, तर ताशी २०० च्या वेगात ते दिसतं त्यापेक्षा आठेक मीटर पुढे गेलेलं असतं. पात्यांची टोकं भिडायला एवढं अंतर पुरतं. म्हणून दोघांनी मिळून उतरायचं असेल तर डोळ्यांवर विसंबायचं नाही. आवाजाने सांगायचं, “मी डावीकडचं शेत, तू बांधाच्या पलीकडे,” आणि समोरच्याने ते पुन्हा म्हणून दाखवायचं. हल्ली मी बोललेलं वाक्य परत ऐकू आल्याशिवाय हेलिकॉप्टर पुढे नेत नाही.

हे सगळं घरच्यांना सांगताना एक प्रश्न हमखास येतो, की एवढं करून मिळतं काय? पैसा मिळत नाही, नाव होत नाही. पण मी जे शिकलो ते मनापासून शिकलो, आणि ते माझ्या वागण्यात उतरलेलं मला दिसतं. घाट उतरताना माझी गाडी आता वळणाच्या आधी हळू होते, वळणात नव्हे. ऑफिसात एखादं काम हातात घेताना ते फसलं तर काय, हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो. एक कौशल्य मुळापासून, दुसऱ्यांच्या भरवशाला जागून शिकायला मिळालं, हे मला पुरेसं मोलाचं वाटतं.

आता गटातल्या नव्या मुलांना मी शिकवतो. काका अजून येतात, पण मागे सैनिक म्हणून बसतात. एखादा मुलगा म्हणतो, “दादा, माझं उतरणं बघा ना एकदा,” तेव्हा मी त्याला इंजिन सुरू करू देत नाही. नकाशा उघडायला सांगतो आणि तीन प्रश्न विचारतो. वेग कुठे उतरवणार? वाटेत इंजिन गेलं तर कुठे जाणार? उतरायची दुसरी जागा कोणती? या तिन्हींची उत्तरं ज्याच्याकडे तयार असतात त्याला पुढच्या शनिवारी पूर्ण तुकडी देतो, आणि त्या तुकडीत एक जागा माझी असते.